कहापणाची पारख

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील भेद सांगताना कहापणांच्या राशीचा दृष्टान्त योजिला आहे. सराफाच्या फळीवर नाणी पडलेली आहेत. अजाण बालकास त्यांची नक्षी आणि आकार तेवढा दिसतो. ग्रामीण पुरुषास ही मोलाची वस्तू आहे हेही कळते. परंतु खरे कोणते आणि खोटे कोणते हे जाणतो तो हेरञ्ञिक, म्हणजे नाणेपारखी. तो नाणे पाहतो, वाजवून नाद ऐकतो, हुंगतो, चाखतो, हातावर तोलतो आणि ते कोठे व कोणी घडविले इथपर्यंत सांगतो. आजच्या नाणेशास्त्राने हुंगणे आणि चाखणे तेवढे सोडले आहे.

गोदाकाठच्या एका उपासक कुटुंबात पणजीच्या डब्यातून निघालेले चांदीचे नाणे आमच्यासमोर आले ते ‘बौद्ध नाणे’ म्हणूनच. त्यावर तीन कमानींची रास, वर चंद्रकोर आणि खाली नागमोडी रेषा आहे. ते विहारात बुद्धमूर्तीपुढे ठेवावे, अशी घरच्यांची इच्छा होती. ज्यांच्या पूर्वजांच्या नावे ना सनदा ना दप्तरे, त्यांना अशा वस्तूचे मोल किती वाटत असेल हे आम्ही जाणतो. म्हणूनच तिची परीक्षा अधिक कठोरपणे व्हावयास हवी.

वजन सुमारे दोन ग्रॅम. कडेला साच्याची शिवण नाही, पृष्ठावर बुडबुड्यांचे खळगे नाहीत. ओतीव नकलेत हे दोष बहुधा सापडतात. भिंगाखाली मात्र कमानींच्या आड दुसरेच काही दिसू लागते: मानवी चेहऱ्याची हनुवटी आणि ग्रीक वळणाची तुटक अक्षरे. मागील बाजूस चार वर्तुळांच्या उज्जयिनी चिन्हाखाली बाणाचे टोक आणि ब्राह्मीतील ‘नहपानस’ यातील दोन अक्षरे शिल्लक आहेत. नवा ठसा जेथे जोराने बसला तेथे जुना उठाव चेपला आहे आणि जेथे कमी बसला तेथे तो जिवंत राहिला आहे. एकाच नाण्यावर दोन राजवटी! क्षहरात क्षत्रप नहपानाचे नाणे गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या ठशाने पुनर्मुद्रित केले, ते हे होय. नाशिकच्या लेण्यातील बलश्रीचा लेख आपल्या या पुत्रास क्षहरात वंशाचा उच्छेदक म्हणतो. नाणे त्याचीच साक्ष देते.

मग ते दुर्मीळ आहे काय? नाही. 1906 मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यात 13,000हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी 9,000हून अधिक अशीच पुनर्मुद्रित होती. सातवाहन राजांची मुखवट्याची चांदीची नाणी खरोखर विरळ. हे त्यांतले नव्हे. ‘दुर्मीळ’ हा शब्द बहुधा विकणाऱ्याच्या तोंडचा असतो.

आणि ते बौद्ध आहे काय? कमानींच्या राशीस जुन्या अभ्यासकांनी ‘चैत्य’ हे नाव दिले व ते रूढ झाले. पुढील अनेक विद्वान तिला पर्वत मानतात. हे चिन्ह आहत नाण्यांवरही आढळते. आमच्या मते केवळ या चिन्हावरून नाण्यास धर्म चिकटविणे योग्य नाही.

वस्तुतः धम्माशी या चांदीचा संबंध अधिक भक्कम आहे, पण तो चिन्हात नसून हिशेबात आहे. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याचा दानलेख आहे. त्याने चातुर्दिश भिक्षुसंघास लेणे दिले आणि त्यासोबत 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे न मोडावयाची ठेव, दिली. त्यांतील 2,000 गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे शेकडा दरमहा एक या व्याजाने ठेविले, तर उरलेले 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते. वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण, म्हणजे नेमके 240! याच लेखात 35 कार्षापणांस एक सुवर्ण हा दरही येतो. येथील कार्षापण म्हणजे नहपानाचे हे चांदीचे नाणेच, असे अनेक विद्वान मानतात. विणकराच्या मागावरून भिक्षूच्या अंगावर चीवर जाई, त्या व्यवहारातले हे चलन.

घरोघरी अशी नाणी चिंचेने वा राखेने घासली जातात, हे मात्र अनर्थकारक होय. पुरलेली जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, आणि घासण्यात प्रथम जातात ती हीच पुसट अक्षरे. सोनाराकडून कडी डाकवून घेणेही टाळावे. धातूची शुद्धता आता क्ष-किरणांच्या साहाय्याने, नाण्यास ओरखडाही न काढता तपासता येते. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन 1878 च्या कायद्याने घातले आहे. पिढीजात वस्तूची गोष्ट निराळी; तरी तीही 1972 च्या कायद्यानुसार परदेशी पाठविता येत नाही.

साठ्यातून सुटे झालेले नाणे आपले गाव हरवून बसते. या नाण्याविषयी घरात एकच आठवण उरली होती: पणजीस ते माहेरच्या शेतात, नांगरटीच्या वेळी मिळाले. आम्ही ती आठवण, गाव आणि पिढी यांसह, कागदावर उतरवून घेतली व नाण्यासोबत ठेवावयास दिली.