चेक केलंत का?

सकाळी मी बँकेत जायला निघालो, की आमच्या सौभाग्यवतींचा ठरलेला प्रश्न येतो, ‘‘गॅस चेक केलात का?’’ जिन्यात शेजारचे नाना भेटतात. ते साखर चेक करायला निघालेले असतात. वाण्याकडची नव्हे, रक्तातली. स्टेशनवर तिकीट चेकर उभा असतो. बँकेत पोचावं, तर चेक्सचा शर्ट घातलेले एक गृहस्थ हातात चेक घेऊन माझ्या खिडकीशी हजर! मग दिवसभर मी चेक चेक करतो. हे वाक्य व्याकरणाला मंजूर होईल की नाही ठाऊक नाही. आमच्या हेड ऑफिसला मंजूर आहे.

एका दुपारी बँकेतला संगणक रुसून बसला असताना मला सहज प्रश्न पडला, की शर्टावरचे चौकोन, डॉक्टरांची तपासणी, नाक्यावरचा आडवा बांबू आणि पैशाचा कागद, एवढ्या बिऱ्हाडांच्या दारावर एकच पाटी कशी? मी पडलो बी.कॉम. आम्हांला पैशाचा जमाखर्च शिकवला, शब्दांचा नाही. पण खातं उलटं वाचत ‘आरंभीची शिल्लक’ शोधायची सवय अंगात मुरलेली. तशी पानं मागे उलटत गेलो, तर लंडन मागे पडलं, पॅरिसही मागे पडलं, आणि मी येऊन थडकलो तो थेट इराणात!

इराणचा राजा म्हणजे शाह. आपल्या चतुरंगाचा खेळ इराणात गेला, तेव्हा समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की खेळणारा ‘‘शाह!’’ असं ओरडून सांगायचा. हा खेळ अरबांनी उचलला, अरबांकडून युरोपानं. हात बदलताना नोट चुरगळते, तसा शब्दही चुरगळला. फ्रेंचांच्या तोंडी ‘शाह’चा ‘एशेक’ झाला आणि इंग्रजांनी त्याचं शेपूट तेवढं ठेवून ‘चेक’ केलं. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनाचं ‘चेस’ झालं. म्हणजे चेस आणि चेक हे सख्खे भाऊ. आपल्याकडे मात्र हाच पाहुणा मधले स्टेशन न घेता फारशीतून सरळ आला आणि ‘शह’ होऊन राहिला. ‘शह देणे’ आणि ‘चेक देणे’ हे मुळात एकच, हे कळल्यावर मला कर्जखात्यातल्या काही मंडळींच्या वागण्याचा अर्थ लागला. शिवाय ‘शाह’ आणि आपलं ‘क्षत्र’ एकाच धातूच्या कुळातले. चेक लिहिताना आपण क्षत्रियांच्या भावकीत वावरतो, हे कुणाच्या लक्षातही येत नाही!

आता राजाला शह बसला, की त्याला बाकीचा सगळा उद्योग थांबवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणे. अडवायचं ते कशाला? तर तपासायला. म्हणून चेक म्हणजे तपासणे. नाका, चेकर, साखर आणि गॅस हे सगळे या एका ओळीत बसतात. आणि बुद्धिबळाच्या पटावरचे चौकोन कापडावर उतरले, ते चेक्स. (चेक प्रजासत्ताक नावाच्या देशाचा या घराण्याशी काहीही संबंध नाही. उगाच वारस म्हणून कुणी नाव लावू नये.)

पण खरी गंमत पुढे आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना एका टेबलावर मोजला जाई. टेबल दहा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यावर काळं कापड आणि कापडावर रेघा. रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे काय, ते एकदा करून बघा. म्हणून त्या रेघांच्या रकान्यांत सोंगट्या मांडून पौंड, शिलिंग, पेन्स मोजत. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून त्या कचेरीचंच नाव पडलं ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’, म्हणजे पटावरचा मंत्री! त्या खजिन्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७८ च्या सुमारास या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथच लिहिला. तो म्हणतो, की इथे खरोखरच डाव रंगतो. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला वसूल घेऊन आलेला शेरीफ आणि बाकीचे न्याय करायला बसलेले. आमच्याकडे ऑडिट येतं तेव्हा साधारण असाच देखावा असतो. फक्त सोंगट्यांच्या जागी आम्ही असतो.

पावती म्हणून तिथे काठी मिळे. काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, वीसाला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरून एकेक फाळका एकेकाकडे. पुढे दोन्ही जुळवले आणि खाचा बसल्या, की व्यवहार खरा. ही पद्धत १८२६ मध्ये बंद झाली. आठ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८३४ ला, जुन्या काठ्यांची अडगळ नको म्हणून त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या; त्याबरोबर पार्लमेंटची इमारतही जळाली. आमच्या रेकॉर्ड रूममधली जुनी व्हाउचरं काढून टाकायला मी इतकी वर्षं का टाळाटाळ करतोय, हे साहेबांना आता तरी कळावं.

काठी गेली तरी जुळवण्याची हौस गेली नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात बँकेच्या कागदाचा जो तुकडा पडताळण्यासाठी मागे ठेवत, त्याला ‘चेक’ म्हणत. हळूहळू ते नाव पुढच्या कागदाला चिकटलं. म्हणजे नाव ज्याचं तो राहिला मागे, आणि पैसे घेऊन गेला भलताच! पुढे १८२० नंतरच्या दशकात गिलबर्ट नावाच्या, कारकुनीतूनच वर आलेल्या बँकवाल्यानं ‘एक्सचेकर’च्या वळणावर ‘सी-एच-ई-क्यू-यू-ई’ असं स्पेलिंग धरलं, का, तर इतर ‘चेक’शी घोटाळा नको. अमेरिकेनं मात्र जुनंच स्पेलिंग ठेवलं. तिथे हॉटेलात जेवणाच्या बिलालाही चेक म्हणतात. बिल पाहिल्यावर राजा अडतो, तेव्हा तेही बरोबरच आहे.

एवढी विद्वत्ता झाल्यावर मी कामाला लागलो असतो, पण मला एक जुनी गोष्ट आठवली. पाच-सहा वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी माझ्या खिडकीशी आले होते. पाच हजारांचा चेक. मी सही पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली. पडद्यावरची कशी फळ्यावर लिहिल्यासारखी ठसठशीत, आणि चेकवरची मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी. ‘‘सही जुळत नाही,’’ मी म्हटलं. त्यांनी मागच्या बाजूला पुन्हा सही केली. ती पहिल्या दोघींशीही जुळेना. तिसरी तर आणखीनच वेगळी. मागे रांग चुळबुळायला लागली. मी चेक परत सरकवला. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘अहो साहेब, सही तीच आहे हो. हात बदललाय.’’ आणि चेक घडी करून खिशात ठेवून निघाले.

दारापर्यंत गेले असतील, तोच आमच्या मॅनेजरबाई केबिनमधून बाहेर आल्या. गुरुजींना हाताला धरून आत नेलं, अंगठा घेतला, दोन साक्षीदार उभे केले, त्यांतल्या एक स्वतः. दहा मिनिटांत पैसे दिले. हात चालत नसलेल्या माणसासाठी असा नियम पूर्वीपासून आहे. दिवसभर चेक चेक करणाऱ्या मी तो नियम तेवढा चेक केला नव्हता. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

इराणातला तो ‘‘शाह!’’ आठवला, की मला गुरुजी आठवतात. तो शब्द राजाला मारायला नव्हता. ‘महाराज, सांभाळा, एखादं घर शोधा,’ एवढं सांगायला होता. घरच उरलं नाही, तर ती मात. तिला वेगळा शब्द आहे. मी त्या दिवशी शह न देता एकदम मात करून मोकळा झालो होतो. आता सही जुळली नाही, की मी आधी समोरच्याचा हात बघतो. नंतर सही.

परवा ही सारी कथा मी सौभाग्यवतींना ऐकवली. इराण, फ्रान्स, फिट्झनील, जळकं पार्लमेंट, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ते सगळं खरं. पण गॅस चेक केलात का?’’

मी उठलो. चालूच होता.