वसमतचा जिल्हा कोणता?

30 एप्रिल 1999 रोजी या प्रश्नाचं उत्तर होतं परभणी. दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, हिंगोली. गाव जागचं हललं नाही, नावामागचं उत्तर बदललं. त्याआधी राज्याचंही असंच झालं होतं: 1 नोव्हेंबर 1956ला वसमत हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलं आणि 1 मे 1960ला महाराष्ट्रात.

सॉफ्टवेअरमध्ये हाच प्रश्न 'बिल्ड टूल'पुढे उभा राहतो. कोडच्या सुट्या फाइलींपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून देणारं हे टूल. 1976मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एखाद्या नावाला किंमत द्यायची आणि पुढे ते नाव वापरायचं. पण नावाच्या जागी किंमत भरायची कधी? ओळ वाचतानाच, की गरज पडेल तेव्हा?

'ग्नू मेक'ने दोन्ही वाटा ठेवल्या. समजा, आधी लिहिलंय:

जिल्हा = परभणी
पत्ता = वसमत, $(जिल्हा)

आणि फाइलच्या शेवटी:

जिल्हा = हिंगोली

आता पत्ता छापला तर हिंगोली येतं, कारण किंमत वापरताना शोधली जाते. पत्त्याच्या ओळीत = ऐवजी := लिहिलं, तर परभणीच राहतं.

बरोबर कोणतं? कुरिअरला आजचा जिल्हा हवा. पण 1998मध्ये वसमतला जन्मलेल्या मुलीच्या तेव्हाच्या दाखल्यावर परभणी आहे. ऑनलाइन फॉर्मने आजची यादी बघून हिंगोली भरलं, तर दोन कागद जुळत नाहीत आणि खेटे तिला घालावे लागतात.

आणि नाव सापडलंच नाही तर? रेल्वे स्टेशनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वसमतचं 'बसमत' होतं. स्क्रिप्टमध्ये नावात असा फरक पडला, तर 'मेक' सहसा तक्रार न करता तिथे रिकामी जागा ठेवतं. ते नाव फोल्डरचं असेल आणि पुढची आज्ञा 'यातलं सगळं पुसा' अशी असेल, तर भलतंच पुसलं जातं. गूगलने 2015मध्ये खुल्या केलेल्या 'बेझल'मध्ये संदर्भ जुळवण्याचा टप्पा प्रत्यक्ष कामाच्या आधी येतो.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. नाव खरंच आहे का, हे लवकरात लवकर तपासावं. किंमत मात्र कामाप्रमाणे भरावी: घडून गेलेल्या गोष्टीची त्या वेळचीच जपावी, पुढे करायच्या कामाची ऐन वेळी विचारावी.