मोटेचं कातडं, विहिरीचं पाणी

कातड्याची पिशवी म्हटलं की आपल्याला खांद्यावरची पिशवी आठवते. मला मात्र मोट आठवते. विहिरीतून पाणी उपसणारी मोट म्हणजे एक भली मोठी कातडी पिशवीच! बाभळीच्या सालीत कातडं कमवायचं, बेतायचं, हातानं शिवायचं. तोंडाला लोखंडी कडं, खाली लांब सोंड. वर येताना दोरानं ओढलेली सोंड दुमडलेली राही. थारोळ्याशी ती सरळ होई आणि पाणी आपोआप पाटाला लागे.

ही अक्कल ढोर, चांभार समाजांतल्या कारागिरांची. मोबदला सुगीतलं बलुतं. पण ज्यांच्या शिलाईवर गावाची शेतं भिजली, त्यांनाच पाणवठ्यावर मज्जाव होता. त्यांनी शिवलेलं कातडं विहिरीत बुडालेलं चाले, त्यांची घागर चालत नसे! म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद खुला केला, त्याचं मोल मोठं. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले.

इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोट थांबली. आपल्या शेतीचा इतिहास सांगताना विहीर खोदणाऱ्याइतकीच मोट शिवणाऱ्याचीही नोंद व्हावी, असं मला वाटतं.