इन्सास: आधी काडतूस, मग रायफल

मागच्या वेळी आपण १९६२ च्या युद्धापाशी थांबलो होतो. आपल्या जवानांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. समोर चिनी सैन्याकडे पुढची गोळी आपोआप भरणारी शस्त्रं होती. तो धडा घेऊन ईशापूरला ७.६२ मिमीची एसएलआर बनू लागली. आराखडा मूळचा बेल्जियमचा. रायफल भरवशाची, पण जड. आणि तिचं एकेक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं. शंभर काडतुसं घेतली की झाले जवळजवळ अडीच किलो. डोंगर चढणाऱ्या माणसाला हे अडीच किलो म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आपण रायफल बघतो तेव्हा नळी आणि दस्ता बघतो. खरं तर आधी काडतूस ठरतं, मग त्याभोवती रायफल उभी राहते. १९८० मध्ये नाटोने ५.५६ मिमीचं काडतूस प्रमाण म्हणून स्वीकारलं. वजन साधारण निम्मं. आता, ‘लहान गोळी शत्रूला मारत नाही, जखमी करते, मग त्याला उचलायला आणखी दोघं अडकतात, म्हणून ती निवडली’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण मुख्य कारण त्याहून साधं आहे: तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येतात, आणि खांद्याला धक्का कमी बसल्याने नेम ढळत नाही.

याच काडतुसासाठी ऐंशीच्या दशकात पुण्यात, पाषाणच्या एआरडीईमध्ये, इन्सासचं काम सुरू झालं. कल्पना एका कुटुंबाची होती: रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन. आतला लांब पिस्टन आणि फिरणारा बोल्ट कलाश्निकोव्हच्या वळणाचा. गॅस कमी-जास्त करण्याची सोय एसएलआरच्या घराण्यातली. एकेक गोळी किंवा तीन-तीन गोळ्यांची फैर, एवढंच; चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामं, असं होऊ नये म्हणून. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते जवानाला दिसावं.

पण वेळ लागत गेला. दरम्यान आपलं सैन्य श्रीलंकेत एके-४७ वाल्यांशी लढून आलं, पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली मागवाव्या लागल्या. इन्सास हाती आली तेव्हा देशात काडतुसं पुरेशी नव्हती. ती इस्रायलकडून घेतली. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ही काडतुसं बनू लागली.

१९९९ च्या कारगिलमध्ये खरी परीक्षा झाली. थंडीत मॅगझिनला तडे जातात, रायफल अडकते, तेल उडून डोळ्यात जातं, अशा तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळी सैन्यानेही बोट दाखवलं. आपल्याकडून उत्तर आलं की वापरात आणि देखभालीत चूक असावी. इथे आपण घाईने निकाल देऊ नये. आराखडा एका ठिकाणी होतो, उत्पादन दुसरीकडे, साफसफाई तिसरीकडे. आणि या तिन्हींतली कुठलीही उणीव शेवटी एकाच माणसाच्या हातात येते. पुढे सुधारणा झाल्या, हेही खरं. पण ऐन वेळी शस्त्र अडकेल का, ही शंका एकदा मनात बसली की ती कागदावरच्या सुधारणेने जात नाही.

२०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग रायफली घेतल्या आणि अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ चा कारखाना ठरला. दोन्ही ७.६२ मिमीच्या! म्हणजे ज्या वजनापासून सुटायला इन्सास आली, त्याच्याकडे आपण पुन्हा वळलो. फक्त सिगचं काडतूस थेट एसएलआरचंच, आणि एके-२०३ चं त्याहून आखूड. हा फरक का महत्त्वाचा, तिथून पुढच्या वेळी सुरुवात करू.