नत्रवलय आणि प्लॅटिनमची पूड

आपल्या पिप्पलीचें नांव ग्रीक व लॅटिन भाषांतून फिरत फिरत अखेर रसायनशास्त्रांत जाऊन बसलें आहे. मिऱ्याचा तिखटपणा ज्या द्रव्यांत असतो तें पिपेरीन हान्स ओर्स्टेड यानें १८१९ सालीं वेगळें काढलें. तें क्षारांत उकळलें कीं एक उग्र वासाचा पातळ पदार्थ निघतो. त्याचें नांव पिपेरिडीन. त्याच्या अणूंची रचना पांच कर्ब व एक नत्र अशा षट्कोनी वलयाची. पुढें टॉमस अँडरसन या स्कॉटिश रसायनज्ञास हाडांच्या तेलांत पिरिडीन सांपडलें. वलय तेंच, मात्र हायड्रोजनचे सहा अणु कमी.

हे सहा अणु पिरिडीनवर चढविले कीं पिपेरिडीन तयार व्हावयाचें. कागदावर हें फार सोपें दिसतें. १८८६ सालीं लाडेनबुर्ग यानें सोडियम व मद्यार्क यांच्या साह्यानें असें काम करून कोनीन बनविलें. सॉक्रेटिसाला दिलेल्या हेमलॉकच्या पेल्यांतलें विष तें हेंच. आणि वनस्पतींत आढळणाऱ्या अल्कलॉइडांपैकीं प्रयोगशाळेंत घडविलेलें पहिलें तेंच! तथापि ही रीत आडदांड होती. रेणूच्या इतर नाजुक भागांस ती जपत नसे.

सौम्य रीत फ्रान्समधील तूलूझ येथें जन्मास आली. पॉल साबातिये व त्याचा सहकारी सांदेराँ यांनीं १८९७ सालीं निकेलच्या बारीक पुडीवरून एथिलीन व हायड्रोजन हे वायु नेले आणि ते सहज एकत्र झाले. धातु केवळ मध्यस्थ. स्वतः खर्च होत नाहीं. वनस्पति तूप याच तत्त्वावर तयार होतें, म्हणून आमच्या भगिनींना हा मध्यस्थ अगदींच परका नाहीं. साबातियेला १९१२ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

परंतु नत्रवलयापाशीं हा मध्यस्थ हटून बसे. नत्राच्या अणूवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. तिच्या योगें तो धातूच्या पृष्ठभागाला असा चिकटतो कीं हायड्रोजनला जागाच उरत नाहीं. त्यांतहि गंमत अशी कीं, तयार होणारें पिपेरिडीन पिरिडीनपेक्षां पुष्कळच प्रबळ अल्क. म्हणजे काम जों जों पुढें सरकावें, तों तों कामगाराचा गळा अधिक आवळला जावा!

हा फांस अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत सुटला. रॉजर अॅडम्स व व्हूरहीस यांनीं १९२२ सालीं प्लॅटिनमचें तपकिरी ऑक्साइड सिद्ध केलें. हायड्रोजन लागतांच त्याची काळी, अत्यंत कार्यक्षम पूड होते. १९२८ सालीं हॅमिल्टन व अॅडम्स यांनीं पिरिडीन तसेंच न घेतां त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार घेतला. आम्लानें नत्राची मोकळी जोडी आधींच गुंतवून ठेविली, मग ती धातूला काय चिकटणार? माझ्या मतें, या सर्व कथेंत याहून चतुर कल्पना दुसरी नाहीं. मरे रेनीच्या निकेलनें हेंच काम स्वस्तांत होऊं लागलें, पण त्याला उष्णता व दाब फार लागे.

या दोन्ही धातूंची गांठ कोयनेलाच्या कामीं पडली. १९४२ सालीं जावा बेट जपानच्या हातीं गेलें आणि जगाच्या बहुतेक कोयनेलाचा उगमच तुटला. इकडे उष्ण प्रदेशांत लढणारे सैनिक हिंवतापानें लोळूं लागले. हार्वर्डमध्यें रॉबर्ट वुडवर्ड व विल्यम डोअरिंग यांनीं दोन जोडवलयांचें, एकांत नत्र असलेलें द्रव्य घेतलें. अॅसेटिक आम्लांत अॅडम्सच्या प्लॅटिनमनें प्रथम नत्राचें वलय भरलें. नंतर नत्राला अॅसिटिल गटाचें झांकण घालून रेनी निकेलवर १५० अंश उष्णतेंत व सुमारें २०० वातावरणांच्या दाबाखालीं दुसरें. एप्रिल १९४४ मध्यें तीं दोघें, सत्ताविशीच्या आंतबाहेरचे तरुण, क्विनोटॉक्सीनपर्यंत पोंचले. तेथून कोयनेलापर्यंतची वाट राबे व किंडलर या जर्मनांनीं १९१८ सालींच सांगितली होती.

वृत्तपत्रांनीं मोठा जयघोष केला. तो जरा अवाजवीच होता. या मार्गाचें कोयनेल एकाहि सैनिकाच्या पोटांत गेलें नाहीं. तें फारच महाग पडलें असतें. सैन्याचें काम मेपाक्रीन या कृत्रिम औषधानें भागविलें. शिवाय राबेची ती शेवटची वाट खरी कीं काय, याचीहि पुढें शंका निघाली; २००८ सालीं स्मिथ व विल्यम्स यांनीं जुन्याच साधनांनीं ती चालून दाखविली तेव्हां ती मिटली. त्यांतली मेख अशी निघाली कीं, अॅल्युमिनियमची पूड ताजी न वापरतां हवेंत ठेवलेली वापरावी लागते!

कोयनेल आजहि सिंकोना वृक्षाच्या सालींतूनच काढतात. मात्र पिरिडीनचें वलय भरून पिपेरिडीन करण्याची रीत औषधांच्या कारखान्यांत कायमची रुजली आहे. आणि तेथें आम्लाची ती युक्ति अद्यापहि चालते.