दर्या आणि दलाल

आमच्या मुळशीला समुद्र नाही. आहे ते धरण; आणि पावसाळ्यात वाऱ्याने त्याला लाटा आल्या की खालच्या वर्गातली पोरे त्यालाच समुद्र म्हणतात. पण मुळशीचे पाणी समुद्राला मिळते हे मात्र खरे, आणि तेही ज्या समुद्राला मिळावयाचे त्याला नव्हे. मुळेने भीमेला, भीमेने कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जावयाचे, ही देवाची योजना. टाटांनी धरण बांधले, डोंगर पोखरला, आणि १९२७ पासून हे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागले. तिथून ते कुंडलिकेत पडते आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. पाण्याने वाट बदलली त्याला आता शंभर वर्षे होत आली. अलीकडे त्याच्यामागून आमची पोरेही घाट उतरू लागली आहेत. हा लेख त्या पोरांसाठी आहे. आणि थोडासा माझ्या एका चुकीसाठीही.

मी शाळामास्तर. स्वतः मॅट्रिकपाशी थांबलो, म्हणून इतरांनी पुढे जावे अशी मला फार हौस. बारा वर्षांमागे माझ्या वर्गात एक मुलगा होता. पोहण्यात पट्टीचा, हाडाने काटक. आंग्र्यांच्या आरमाराचा धडा शिकवताना मी त्याला सहज म्हणालो, "अरे, तुझ्यासारख्याने जहाजावर जायला हवे." मास्तर जे सहज बोलतो ते पोरे गाठीला बांधून ठेवतात, हे मला तेव्हा कळायला हवे होते. पुढे कुणा एजंटाने जहाजावरच्या नोकरीचे तीन लाख रुपये मागितले, तेव्हा त्याचे वडील मला विचारायला आले. मी म्हणालो, "नोकरी चांगली आहे. द्या." रस्त्याकडेचे काही गुंठे विकून त्यांनी पैसे दिले. पोरगा परदेशातल्या एका बंदरात गेला, दीड महिना एका खोलीत आठ जणांबरोबर निजला, आणि जहाज न पाहताच परत आला. एजंटाच्या कचेरीला तोवर कुलूप लागले होते. आज तो पिरंगुटच्या एका कारखान्यात माल उचलण्याची गाडी चालवतो. वाटेत भेटला तर हात जोडतो. थांबत मात्र नाही.

त्याच्या त्या न थांबण्याने मला हा इतिहास वाचायला लावले. वाचल्यावर कळले की त्या पोराला फसवणारा माणूस नवा नव्हताच. तो दीडशे वर्षांचा जुना होता. फक्त त्याने नाव बदलले होते.

इंग्रजी आमदानीत मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर आपल्या लोकांचाच भरणा असे. डेकवर रत्नागिरीच्या किनाऱ्याचे आणि गुजरातचे दर्यावर्दी, खाली भट्टीशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, आणि वर उतारूंच्या जेवणखाणाला गोवेकर. या सगळ्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. डेकवरच्यांचा मुखत्यार सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, मग साधा खलाशी. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक लहानसा हिस्सा तेवढा आपल्या माणसाला मिळे. बोट परत आली की करार संपला, आणि करार संपला की नोकरीही संपली. पुन्हा नवी बोट, पुन्हा नवी भरती.

या दोन बोटींच्या मधल्या बेकारीतच दलालाचे घर वसलेले होते. कंपनी माणसे थेट घेत नसे. ती परवानेदार दलालाला सांगे, दलाल सारंगाला सांगे, आणि सारंग आपली माणसे गोळा करी. कलकत्त्याच्या धक्क्यावर अशा मुकादमाला 'घाटसारंग' हे नावच होते. बोटीवर जागा हवी तर सारंगाचा हात ओला करावयाचा. सारंगाने दलालाचा करावयाचा. हातात पैसा नसेल तर खाणावळवाला व्याजाने देई, आणि कित्येकदा तो सारंगाचाच माणूस असे. खलाशी बोटीवर चढे तेव्हा त्याचा पुढच्या काही महिन्यांचा पगार आधीच दुसऱ्याच्या खिशात गेलेला असे. समुद्रावर वादळ होते, युद्धात पाणतीर होते. पण खलाशाला पहिला फटका बसे तो कोरड्या जमिनीवर, धक्क्याच्या अलीकडे.

आम्हां मावळच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे आम्ही शाळेत घेतो. पण जमिनीचा कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसराच, ही गोष्ट आम्ही फारशी बोलत नाही. कित्येक शेते पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. नुकसानभरपाईची भाषा सुरू झाली तेव्हा सावकाराला पैसा दिसला आणि मावळ्याला पाणी. माणूस आणि त्याची जमीन यांच्यामध्ये जो उभा होता, त्याचाच सख्खा भाऊ माणूस आणि त्याची बोट यांच्यामध्ये उभा होता.

नवल असे, की त्याच सुमारास या भावाला हाकलून लावण्याचा ठराव साऱ्या जगाने केलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्माला आली. १९२० च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआ बंदरी तिची परिषद खास खलाशांच्या प्रश्नांसाठी भरली. तिथे एक करार झाला: खलाशाला नोकरी मिळवून देणे हा कुणाचाही नफ्याचा धंदा असता कामा नये, आणि त्यासाठी देशोदेशी फुकट काम करणाऱ्या कचेऱ्या निघाव्यात. वाक्य इतके सरळ आहे की ते पाटीवर लिहून ठेवावे.

त्या करारामुळे हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये क्लो नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनेही तेच सांगितले, की दलाल काढा आणि सरकारी कचेरी घाला. अहवाल झाला, दलाल राहिला. १९२९ मध्ये मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास व्हिटली कमिशन आले. त्याच्या सभासदांत आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी होते. खलाशांच्या भरतीतल्या लाचलुचपतीची दखल त्याही कमिशनने घेतली. तरीही दलाल राहिलाच. जिनोआच्या वाक्याला मुंबईत खऱ्या अर्थाने कचेरी मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. खलाशांनी नाव नोंदवावे, पाळीपाळीने बोट मिळावी, अशी ती व्यवस्था होती. ठराव आणि कचेरी यांच्यामध्ये तीसहून अधिक वर्षे गेली. म्हणजे एका खलाशाचे समुद्रावरचे सारे आयुष्य.

मग इतकी वर्षे हा माणूस कुणाच्या आधारावर जगला? पहिला आधार गावाचा. गोवेकरांनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाचे 'कूड' काढले. थोड्या पैशांत निजायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोट मिळेपर्यंत माणूस रस्त्यावर पडत नसे. दुसरा आधार संघटनेचा. आजच्या खलाशी संघटना आपली वंशावळ १८९६ च्या गोवेकर खलाशांच्या क्लबापर्यंत नेतात. १९३९ च्या अखेरीस, दुसरे महायुद्ध नुकते पेटले असता, इंग्लंडच्या आणि आफ्रिकेच्या बंदरांत आपल्या खलाशांनी पगारवाढीसाठी बोटीवर चढावयाचे नाकारले. काहींना त्यापायी तुरुंग पाहावा लागला. पण पगार वाढला.

मुंबईला मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरे थडगे मिळाले नाही अशा दोन हजारांवर दर्यावर्दींची स्मृती तिथे जपलेली आहे. मुंबईत उत्तम हॉटेले कुठे आहेत ते आमच्या पोरांना ठाऊक असते. ही जागा ठाऊक नसते. सहल काढणाऱ्या मास्तरांनी तिची नोंद करून ठेवावी.

आता शिक्षणाची गोष्ट. खलाशी हिंदी आणि अधिकारी गोरा, ही वाटणी पक्की होती. ती मोडण्यासाठी दोन दारे उघडावी लागली. पहिले, स्वतःच्या बोटी. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढली. त्या वर्षी ५ एप्रिलला त्यांची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. दुसरे दार शाळेचे. सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय लावून धरला, त्यावर समिती बसली, आणि १९२७ च्या अखेरीस माझगावच्या धक्क्यासमोर 'डफरिन' ही जुनी फौजी बोट शाळा म्हणून नांगरली. ज्या वर्षी आमचे पाणी भिऱ्याला उतरले, त्याच वर्षी. तिच्या पहिल्या तुकडीतला एक कॅडेट, रामदास कटारी, १९५८ मध्ये भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. 'डफरिन'ची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र'ने घेतली, आणि १९९३ मध्ये ती शाळा 'चाणक्य' या नावाने नवी मुंबईत जमिनीवर आली.

साध्या खलाशाला शिकवावे लागते, हे ध्यानात यायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. मग कलकत्त्यास 'भद्रा', विशाखापट्टणला 'मेखला' आणि सौराष्ट्रात 'नौलक्षी' अशा त्यांच्यासाठी शाळा-बोटी निघाल्या. १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालय मुंबईत स्थापन झाले. १९५८ च्या कायद्याने खलाशाकडून नोकरीबद्दल पैसे घेणे गुन्हा ठरले. १९६६ च्या कायद्याने त्याला प्रॉव्हिडंट फंड मिळाला. कागदावर तरी माणूस आणि बोट यांच्यामधली वाट मोकळी झाली.

पुढे १९९० नंतर खाजगी संस्थांचा काळ आला, आणि समुद्राच्या शाळा चक्क डोंगरावर चढल्या. आमच्या शेजारच्या मावळ तालुक्यात इंदुरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट १९९८ पासून आहे. लोणावळ्याच्या परिसरात जहाज कंपन्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या आहेत. समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी पोरे इंजिन उघडायला, आग विझवायला आणि तराफ्यावर जीव वाचवायला शिकतात. दहावी झालेल्या मुलाला खलाशाचे सहा महिन्यांचे शिक्षण घेता येते. ही सगळी चांगली कामे आहेत. पण शाळा आणि बोट यांच्यामध्ये पुन्हा मोकळी जागा राहिली, आणि मोकळ्या जागेत कोण येऊन उभा राहतो हे वाचकांना आता सांगायला नको. पूर्वीचा सारंग निदान स्वतः बोटीवर चढत असे.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ भिजत घरी आले. पोराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणले होते. म्हणाले, "गुरुजी, चार लाख मागत्यात. द्यायचं का न्हाई, तेवढं सांगा." मी विचारले, माझ्याकडे कुणी पाठवले? त्यांनी त्या पिरंगुटच्या मुलाचे नाव घेतले. तो त्यांचा पुतण्या. "त्यो म्हनला, आधी गुरुजींस्नी विचारा."

मी काही वेळ बोललो नाही. मग बारा वर्षांपूर्वी जे सांगायला हवे होते ते सांगितले. एक: भरती करणाऱ्या कंपनीला महासंचालनालयाचा परवाना लागतो, परवान्याचा क्रमांक मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहा. दोन: खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे नोकरीसाठी एक पैसा द्यावयाचा नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाची पुस्तिका आणि पासपोर्ट एवढाच खर्च आपला. शिक्षणाची फी निराळी, ती मान्यताप्राप्त शाळेत पावती घेऊन भरावयाची. तीन: ज्यावर जहाजाचे नाव आहे असा सहीचा करार हातात पडल्याखेरीज घर सोडावयाचे नाही.

एजंटाला फोन लावला. परवान्याचा क्रमांक विचारताच तो म्हणाला, "मास्तर, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी म्हणालो, "फार नाही. १९२० पासूनचं थोडं." त्याने फोन ठेवला.

चार लाख वाचले. मुलाने प्रवेश परीक्षा दिली, शिक्षण पुरे केले, आणि आता घरी बसून बोटीची वाट पाहतो आहे. त्याला अजून जहाज मिळालेले नाही, हे मी लपवून ठेवीत नाही. कूडातल्या ट्रंकेवर बसून गोवेकर जशी वाट पाहत, तशीच ही. पण त्याच्या बापाची जमीन अजून जाग्यावर आहे, आणि पोरगा रोज सकाळी धरणावर पोहायला जातो. परवा त्याच्यासोबत त्याचा चुलतभाऊही होता. मला पाहून त्याने हात जोडले, आणि या खेपेस तो थांबला. "पहिली बोट कधी मिळंल, गुरुजी?" त्याने भावासाठी विचारले. मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. पण मिळेल तेव्हा ती त्याची असेल.