लवचिक संवेदक आणि कोल्हापुरातील पातळ पटले

त्वचेवर किंवा वस्त्रावर बसवून तापमान व विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) मोजणाऱ्या आणि वाकविल्या-ताणल्या असताही न तुटणाऱ्या साधनांस लवचिक संवेदक म्हणतात. त्यांचे मूलतत्त्व जुने आहे. तापविले असता सिल्व्हर सल्फाइडाचा विद्युत् रोध घटतो, असे मायकेल फॅराडे यांना १८३३ मध्ये आढळले. तर ताणलेल्या लोखंडी व तांब्याच्या तारांचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये दाखविले. परंतु धातूची तार फार ताणता येत नाही. वाकणाऱ्या गुडघ्यावरील त्वचा तिच्याहून पुष्कळच ताणली जाते. ही उणीव अब्जांश पदार्थांनी दूर केली. रबरी पट्टीवरील कार्बन नलिकांच्या पटलास ताण दिला की त्यात भेगा पडतात, पण नलिकांचे जुडगे त्या भेगा सांधून राहतात व रोध वाढत जातो. जपानमध्ये २०११ साली अशा पटलाने २८० टक्क्यांपर्यंतची विकृती मोजण्यात आली.

पातळ पटले अल्पखर्चात कशी निर्माण करावी, हा प्रश्न शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) भौतिकी विभागाने दीर्घकाळ हाताळला. तेथील संशोधनाचा रोख सौर घट व विद्युत् संचय यांकडे होता. अंगावर वापरावयाचे संवेदक हा त्याचा मूळ हेतू नव्हे. प्रमोद पाटील यांनी फवारा पद्धतीचा १९९९ मध्ये साक्षेपी आढावा घेतला. मात्र तीत आधारपृष्ठ शेकडो अंश तापवावे लागते. कापड त्यात जळून जाईल. चंद्रकांत लोखंडे व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या रासायनिक द्रावण पद्धती येथे अधिक उपयुक्त ठरतात. त्यांपैकी एकीत आधारपृष्ठ धन आयनांच्या द्रावणात बुडवून धुतात, नंतर ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा धुतात. प्रत्येक फेरीत एक अतिसूक्ष्म थर चढतो. ही पद्धत निकोलो यांनी १९८५ च्या सुमारास मांडली. हबीब पठाण व लोखंडे यांचा तिच्यावरील आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्वात यंत्राची गरज नाही, चंचुपात्रे पुरतात आणि काम बहुधा खोलीच्या तापमानाला होते. काटकसरीचा मार्ग म्हणून जोपासलेली ही रीत प्लॅस्टिक व कापड यांसाठी विशेष योग्य आहे, हा तिचा खरा गुण म्हटला पाहिजे. लवचिक पोलादी पत्र्यावर अशी पटले चढवून या गटाने वाकणारी महाधारित्रेही तयार केली.

संवेदकांच्या बाबतीत मात्र दोन अडचणी उरतात. उष्णता व ताण या दोहोंनी एकाच पटलाचा रोध बदलतो. त्यामुळे ताप चढला की कोपर वाकले, हे एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून तापमान मोजणारा भाग न ताणणाऱ्या तुकड्यावर किंवा नागमोडी वाटेने बसवितात. दुसरी अडचण पटलाच्या आसंजनाची असून, वारंवार वाकणे व घाम यांमुळे ऑक्साइड-सल्फाइडांचे ठिसूळ थर सुटू लागतात.